बॉनेट उघडं आहे

पहाटे चार. याकुत्स्क. वजा सत्तेचाळीस.
अक्सिन्या प्रोकोप्येव्नाचा फोन:
"एर्चिम, गाडी ऐकत नाही रे."
दर दोन तासांनी आपली आपण सुरू होणारी गाडी
दोनची पाळी चुकली होती.
अजून एक चुकली
की इंजिन मे महिन्यापर्यंत दगड.

म्हातारी बाजारात मासे विकते,
गोठलेले, बादलीत सरपणासारखे उभे.
गाडी जपानहून बोटीनं आलेली,
माझ्या थोरल्या मुलीहून मोठी.

बटण दाबलं.
चारदा किंचाळली, दिवे उघडमीट केले, गप्प.
वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी वाजवली.
बॅटरी: बारा पॉइंट एक. अशक्त, पण जिवंत.
फ्यूज ठीक.
ब्रेकची वायर ठीक.
इथे टॉर्च कुणी दातांत धरत नाही,
ओठ तिथेच राहतो.
टॉर्च तिनं धरली, मी डॅशबोर्डखाली शिरलो,

आणि सगळ्या वायरी काळ्या.
एक लाल नाही, एक पिवळी नाही,
जोड नुसते पिळलेले,
वर दवाखान्यातली चिकटपट्टी.
"कुणी बसवलंय हे? ज्यानं बसवलं त्याचे हात–"
"आयालनं," ती म्हणाली. "माझ्या मुलानं.
तीन हिवाळे झाले."
टॉर्च हलली नाही.

मी उरलेलं वाक्य गिळलं.
अशा थंडीत गिळलेलं
बराच वेळ घशातच बसतं.

कप्प्यामागे हाताला एक डबी लागली,
काडेपेटीएवढी, तारेचे वेढे दिलेली.
आत दुसरी चावी.
चावी जवळ असल्याशिवाय इंजिन कुणावर विश्वास ठेवत नाही,
म्हणून एक चावी कायमची आत कोंडून ठेवायची.
लांबून बटण दाबलं
की डबी गाडीला सांगते:
आहे, मालक आहे, इथेच बसलाय.
चावीच्या कडीत अजून
प्लास्टिकचा एक छोटा निळा मासा.
"ती डबी बिघडलीय का?"
"नाही," मी म्हणालो. "ती चालतेय."

मग गाडं अडलंय कुठे?
काचेजवळचा लाल ठिपका मिचकावत होता,
मी मोजत होतो, ती पण मोजत होती, ओठांतल्या ओठांत.
पाच. थांबा. पाच.
माहितीचा कागद केव्हाच हरवला, मला पाठ आहे:
पाच म्हणजे बॉनेट उघडं.
पण बॉनेट बंद होतं.
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

उचललं तर आत रजई.
नवी, जाड नमद्याची, घोड्याच्या केसांनी शिवलेली,
कडेला चक्क नक्षी.
"इंजिनाला थंडी वाजू नये म्हणून.
काल रात्री संपवली."
झाकण बोटभर वर राहत होतं,
कोपऱ्यातली पिन दबत नव्हती.
नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात,
इथे ते शब्दशः.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं.
बॉनेट उघडं असताना गाडी सुरू करायची नाही,
आत कुणाचे तरी हात असतील,
एवढंच त्याला शिकवलेलं.
ते रात्रभर
कुणाच्यातरी हातांसाठी थांबलं होतं.

मी कात्री मागितली.
तिनं मला दिली नाही,
स्वतःच कापला कोपरा, नक्षीसकट,
आणि तुकडा कोटाच्या खिशात टाकला.

मग बटण.
एकदा किंचाळली. स्टार्टर कण्हला, पुन्हा कण्हला,
धरलं.
मागे पांढरी वाफ दुसऱ्या मजल्यापर्यंत.

पैसे नको म्हटलं, तर मासा दिला,
हातभर लांब, काठीसारखा कडक.
तो मी माझ्या टपावर ठेवला, फ्रीज कशाला.

जायच्या आधी पुन्हा खाली वाकून
त्या काळ्या वायरींना पट्टीचे तुकडे लावले,
त्यावर आकडे घातले: हा हॉर्न, हा स्टार्टर, हे दार.
एक उरली.
कुठूनही येत नाही, कुठेही जात नाही,
टोकाला मात्र नीट चिकटपट्टी गुंडाळलेली.
कापली नाही.
तिच्यावर आकडा घातला नाही.