दहा केए

वडकीच्या जिनिंगात नवा ट्रान्सफॉर्मर उतरला
तेव्हा शेठनं नारळ फोडला,
रेच्यावरच्या बायांना पेढे वाटले.
पाचशे केव्हीए. जुना दोनशेचा होता.
पॅनल मात्र तेच ठेवलं.
"रेचे तेच, मोटारी त्याच, लोड तेवढाच,
मग ब्रेकर काऊन बदलायचा?"

झाडेमामा काही बोलले नाहीत.
चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला,
ब्रेकरच्या पोटावर बसलेलं कापसाचं पिंजण फडक्यानं झटकलं
आणि मला म्हणाले, "वाच."

वाचलं : चारशे अँपिअर.

"ते मलेही दिसते. त्याच्या खालचं वाच, पोरी,
बारीक अक्षरातलं."

आयसीयू, दहा केए.
माझ्या डोळ्यांपुढे सेवाग्रामचा दवाखाना आला,
सलाईन, काचेपलीकडचा बाप.
मामा हसले. "जवळपास तसंच समज.
वरचा आकडा रोजच्या मजुरीचा.
हा खालचा, घरावर धाड आली तं
एकट्यानं दार किती लावून धरशील, त्याचा.
तेवढं धरीन म्हणते तो. मंग उठीनच, असं नाही म्हणत.
उठून दुसऱ्या दिवशी हजेरी लावीन म्हणणारा आकडा
अजून खाली हाय. आयसीएस. तो पाच."

मग पॅनलच्या दारावर खडूनं मांडलं :
सहाशे सदुसष्ट,
भागिले साडेचार टक्के.
मला हातचे धरून करायला वेळ लागला.
चौदा हजार आठशे.
जुन्याचा केला, सहा हजारही भरेना.
मी केबल मोजायला धावले, बारा मीटर,
वाटलं, तारच थोडं अडवील.
"अडवील ना. थोडंसंच."

बाहेर कापसाचे ट्रॅक्टर लागले होते, फाट्यापर्यंत.
लोड वाढला नव्हता.
वाढलं होतं ते मागचं बळ,
जे कामाला येत नाही,
फक्त चुकीला येतं :
एखादी घूस, एखादा सुटलेला पाना,
माझ्याच हातचा.

मामांची डावी भुवई उगवत नाही.
मी कधी विचारलं नव्हतं.
त्या दिवशी खडू खिशात टाकताना आपणच म्हणाले,
"आर्णीची दालमिल. तांब्याची वाफ होते, ठाऊक हाय तुले?
तांब्याची."
आणि सायकलची चेन बसवत राहिले,
जी पडलेली नव्हती.

शेठ म्हणाला, सीझन निघू द्या, मग पाहू.
मामांनी टेस्ट रिपोर्टवर सही केली नाही.
हिंगणघाटहून दुसरा आला, त्यानं चहा घेतला, सही केली,
खडूचा हिशोब बाहीनं पुसला गेला,
की त्यानंच पुसला, माहीत नाही.

घरी आले तर मीटरखालचा एमसीबी आधी पाहिला.
छोट्याशा चौकटीत सहा हजार.
आठ वर्षं त्याच्यावर उदबत्तीची पुडी ठेवत होतो आम्ही.

पहिल्या पाळीला हँडल माझ्याकडेच होतं.
मामांनी शिकवलं तसं
पॅनलसमोर नाही, बाजूला उभी राहिले,
मान पार भिंतीकडे वळवली
आणि ओढलं.

काही झालं नाही. रेचे सुरू झाले,
सरकी खाली, रुई पुढे.

मंगला वाढई ओट्यातला कापूस सावरत ओरडली,
"कोनाले लाजून राह्यली वो बाई, इतकी?"

"पंधरा हजाराले," म्हटलं.
रेच्यांच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही.