तीन-चाळीसचा वारा

वाघेऱ्याच्या सोंडेवर सकाळी नऊला
मी माझं बिऱ्हाड मांडलं:
तिपाईवर वारा मोजायची चक्री,
गरगर फिरवायचे दोन तापमापक, एक कोरडा, एक ओला,
नोंदवही, आणि एक वायरलेस
ज्याला प्रत्येक वाक्यानंतर खोकला येतो.

ओल्याच्या पायात मलमलीचा मोजा असतो.
तो तासातासाला भिजवायचा, चांगल्या पाण्यानं.
चांगलं म्हणजे पिण्याचं.
देवचंद भोये बघत उभा राहिला,
मग स्वतःची बाटली पुढे करून म्हणाला,
"पाजा त्याला. आमच्याहून तहानलेला दिसतो."

अकराला छत्तीस अंश, आर्द्रता एकवीस, वारा पूर्वेचा, मंद.
एकला एकोणचाळीस. चौदा.
चौदा म्हणजे काय हो, सुलभाताईंनी विचारलं.
वनरक्षक. खाकीवर काजळीची दुसरी खाकी.
मी मूठभर कुसळी गवत त्यांच्या कानाजवळ चुरलं.
पापड मोडल्यासारखा आवाज आला.
हे चौदा.

खाली घळीच्या तोंडाशी बारा माणसं
निरगुडीच्या ओल्या डहाळ्यांनी आग बडवत होती,
दोघांच्या पाठीवर ब्लोअर.
त्यांच्याकडची कड मवाळ, गुडघ्याएवढी,
पाठ फिरवून निघालेल्या गुरासारखी.
त्यांच्यामागे चढावर दोन वर्षांची लागवड:
बांबू, आवळा,
आणि मोहाची चौऱ्याण्णव रोपं.
चौऱ्याण्णव हा देवचंदचा आकडा.
गेल्या उन्हाळ्यात प्रत्येकाला त्यानं
खांद्यावरून पाणी नेऊन घातलं होतं.

समुद्र इथून दिसत नाही.
पण दुपारी तो घाट चढून येतो,
ओल वाटेतच सांडून, नुसता धक्का होऊन.
हरसूलच्या अंगाला कुणीतरी राब भाजत होतं.
त्या धुराचा सरळ खांब
कमरेत वाकला, माझ्या बाजूला.
मी अंतर धरलं, वेग धरला.
तीन-चाळीस.

तीन-वीसला वायरलेसवर म्हटलं, सगळे वर या.
"मॅडम, कड विझत आलीय."
वर या.
"अर्धा तास द्या. पुरी विझवतो."
काळ्यातून या, देवचंदभाऊ. जळालेल्यातून.
जळालेलं पुन्हा जळत नाही.

आले. बसले. एकानं चप्पल काढून तळवा बघितला.
तीन-चाळीस झाले.
चक्री पूर्वेच्याच वाऱ्यात आळसावून फिरत होती.
तीन-पन्नास.
बारा माणसं माझ्याकडे बघत नव्हती,
फार जपून बघत नव्हती.
खाली ती मवाळ कड एकटीच
इंच इंच चरत होती.
मी काचेवर बोट आपटून पाहिलं,
जसं बंद पडलेल्या घड्याळावर आपटतात.

चार-दोनला चक्री थांबली.
पळसाचं एक पान उलटं होऊन
पांढुरकी बाजू दाखवून गेलं.
मग पश्चिमेनं आम्हाला मागून ढकललं.

आग वळली.
जिथे डहाळ्या टाकून आले होते, तिथून उठली
आणि घळ चढली, कुणी बोलावल्यासारखी.
लागवडीचं कुंपण, बांबू,
बांबूच्या पेरांचे बार,
मोहांचा आवाजसुद्धा झाला नाही.
सुलभाताईंनी माणसं मोजली. बारा.
पुन्हा मोजली.

रात्री नोंदवही भरताना
वाऱ्याच्या रकान्यात दिशा लिहिली, वेग लिहिला.
अर्ध्या तासात कड विझलीही असती.
किंवा विझली नसती, आणि घळीत बाराजण.
पेन बराच वेळ कागदापासून बोटभर वर होतं.

देवचंद शेजारी येऊन बसला.
"वीस मिनिटं," एवढंच म्हणाला.
बावीस, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली. ती होकाराची होती की नाही
टेंभ्याच्या उजेडात कळलं नाही.

मग त्यानं तो ओला तापमापक उचलला.
मोजा काळा ठिक्कर पडला होता.
स्वतःच्या उपरण्याच्या टोकाची एक चिंधी फाडली,
"धुतलेलं आहे," म्हणाला,
पारा असलेल्या फुग्याला हळूच गुंडाळून
दोऱ्याची गाठ मारली,
बाटलीतलं उरलेलं पाणी वर धरलं.

"उद्या कितीला?"