तीन चिमटे

काल दुपारी कुवाबारा-सानच्या आतड्यात
मी तीन चिमटे लावून आले,
तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासे लांब.
गाठीच्या अलीकडे दोन, पलीकडे एक.
आतून सगळं लख्ख दिसत होतं:
ओली गुलाबी भिंत, आणि तिच्यावर ती,
न बोलावता येऊन पाटावर बसलेली.

गुंगीतून जागे होत ते म्हणाले,
"ठेवलंत? मग उद्या मोजायला याल."
चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं.
तोयामाहून औषधांच्या पेट्या घेऊन निघायचं,
डोंगरापलीकडच्या गावांत घरोघर एक ठेवायची,
पैसे मागायचे नाहीत.
वर्षाने परत जाऊन पेटी उघडायची,
वापरलं तेवढ्याचाच हिशोब.
"पोटदुखीची काळी गोळी सगळ्यात आधी संपते,"
आणि स्वतःच्याच पोटावर हात ठेवून हसले.

आज मी शस्त्रक्रियागृहाच्या कोपऱ्यात उभी आहे.
चिमटे लावणारे सहसा वरच्या मजल्यावरच थांबतात.
पण रात्री डोळा लागला नाही.
बाहेरून आतडं म्हणजे नुसतं आतडं,
वळणावर वळण, चरबीची झालर,
कुठेही बोट ठेवा आणि म्हणा, इथे.

बोट तरी कुठलं.
डॉक्टर निवांच्या बोटांना एके काळी
गव्हात खडा लागावा तशी गाठ लागायची.
आता चार भोकं, चार लांब दांडे.
दांड्याने धरता येतं, चाचपता येत नाही.
मध्यंतरी शाई टोचून पाहिली.
शाईच ती, टिपकागदावर पसरते तशी पसरायची.

वायू भरला, पोट वर आलं
कागदी फुग्यासारखं.
पेटीबरोबर ते पोरांना तसले चौकोनी फुगे द्यायचे,
घडी घातलेले; फुंकर मारली की उभे.
औषध कुणाच्या लक्षात राहत नाही म्हणे,
फुगा राहतो.

"प्रकाश बदला."
पांढरा गेला. आला तो डोळ्याला न दिसणारा,
तांबड्याच्या जरा पलीकडचा,
मांसात थोडं आत शिरून माघारी येणारा.
पडदा राखाडी.
काही नाही.

नोंद माझीच: डावीकडे, उतरत्या आतड्याच्या मध्यावर.
तो भाग त्यांनी पालथा केला, उताणा केला.
काही नाही.
कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, तेच जास्त लागलं.
मी मोजलं होतं खरं, पण कोपरावर बाही गोळा व्हावी
तसं आतडं माझ्या नळीवर गोळा झालं होतं.
ते अंतर माझं होतं, त्याचं नव्हे.

"खाली जाऊ," निवा म्हणाले.
एक वीत खाली. झालर बाजूला सारली.
आणि हिरवं.
एक ठिपका, त्याला खेटून दुसरा,
भिंतीआडून,
शेजारच्या घरात अपरात्री कुणी पाणी प्यायला उठावं तसा.
"दोन," परिचारिका ओकुदा म्हणाली.
तिसरा?
आतडं हळूच फिरवलं. तिसरा पाठीमागे, अंधूक,
पण होता.
मास्कमध्ये माझाच श्वास मला गरम लागला.

पुढचं कापणं-जोडणं त्यांचं.
मी पाहत राहिले निवांचा अंगठा.
दांड्यावर तो उगाच, सवयीने,
काहीतरी चाचपत होता.

संध्याकाळी खिडकीबाहेर
रस्त्याच्या मधोमध बर्फ विरघळवणारे फवारे चालू झाले.
"किती?" कुवाबारा-साननी डोळे मिटूनच विचारलं.
"तीन. तिन्ही सापडले."
"आणि वापरलं किती?"
ते प्रयोगशाळा दहा दिवसांनी सांगेल, मी म्हटलं.
"दहा दिवस," ते म्हणाले.
"मी तर वर्षभर थांबायचो."
आणि पाणी मागितलं,
जे आज द्यायचं नव्हतं.