तिसरा रकाना

प्रश्न अकरावा: एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?
उत्तम, चांगली, बरी, वाईट, फार वाईट.
एकाच रकान्यात खूण करा.

न्ताते सेखोन्याना ब्लँकेटची पिन सोडतात,
पुन्हा लावतात.
"बरी," म्हणतात. "बरी लिही."
मग खोकतात, आणि मी पेन्सिल उचलून थांबते,
खोकला हेही वाक्य असल्यासारखी,
ज्याचा पूर्णविराम यायचाय.

सत्तावीस वर्षं, सीमेपलीकडे, सोन्याच्या खाणीत.
वर्षातून एकदा रांग, उघड्या छात्या,
श्वास घे, सोड, पुढचा.
"कसा आहेस, असं त्या डॉक्टरानं कधी विचारलं नाही.
तो बघायचा, हा चालेल का.
मी चालायचो.
एका वर्षी चाललो नाही.
बसचं तिकीट दिलं, आणि एक कागद.
कागद वाटेत भिजला."

प्रश्न बारावा: एका दमात किती मीटर चालता?

मीटर त्यांना ठाऊक नाहीत. ते मला दारात नेतात.
खाली झरा, तिथून वर येणारी पायवाट.
"तो काळा दगड, दोन वर्षांपासून माझा.
कोरफडीजवळचा, गेल्या हिवाळ्यापासून.
सपाट दिसतो ना, तो बहिणीच्या नवऱ्यानं स्वतःसाठी लोटत आणलेला.
तोही खाणीतलाच. आता दगड आहे.
चौथा अजून सापडायचाय.
तिथं उभ्यानंच थांबतो.
लोकांना वाटतं, म्हातारा डोंगर बघतोय."

मी समासात लिहिते: दगड, चार.
समास मासेरूतला संगणक वाचत नाही.

एवढ्यात मे मासेआबाता दोनदा
डोक्यावर पाण्याची बादली घेऊन आत गेल्या.
त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये एकच ओळ:
घरातील निरोगी व्यक्ती, संख्या.
मी एक लिहिते.

"आडवं झालं की हे गुदमरतात," त्या सांगतात.
"म्हणून बसून झोपतात. भिंत थंड असते.
मी मागे बसते. त्यांच्या पाठीला माझी पाठ.
एकोणीस महिने झाले.
तुझ्या कागदात पाठ आहे का?"

"पाठदुखी आहे," मी पानं उलटते. "पान सहा."

"दुखत नाही गं," त्या म्हणतात. "पाठ."

उतरताना मी कोरफडीजवळच्या दगडावर बसले.
दमले नव्हते.
ऊन केव्हाच उतरलं होतं, दगड अजून ऊबदार होता,
आणि तिथून डोंगर
खरंच दिसतो.