झीज

सकाळी दहाला गुजरी नुकती उघडत होती.
झारेकरणींनी धुऊन टाकलेला गाळ
पायरीपाशी अजून ओला.
मी चप्पल काढली, खिशातली पुडी चाचपली
आणि आत गेलो.

निळकंठ पोतदारांनी गुलाबी कागद उलगडला.
आत एक पुतळी. पातळ, कडेला जरा वाकलेली.
एक उभा, एक गुडघ्यावर, मधे काठी.
तोंडं दोघांनाही नाहीत.
भोवतीची अक्षरं कुठल्या मुलखातली कोण जाणे,
आता नुसत्या मुंग्या उरल्यात.

"बघा," म्हणाले. "घाई नाही."

सोन्यातलं मला काही कळत नाही.
उद्यमनगरात लेथवर एकतीस वर्षं काढली,
झिजेतलं तेवढं कळतं.
शाफ्ट कुठल्या अंगानं खाल्लाय ते बघून
मशीन कुठं वाकडं बसवलंय ते सांगतो मी.
तेजाबात बुडवून म्हातारी केलेली वस्तू
सगळीकडून सारखीच झिजते, अगदी खाचेतसुद्धा.
अंगावर वापरलेली तशी झिजत नाही.
आधी उंचवटा जातो.
गुडघा गेला होता. काठीचं टोक गेलं होतं.
खाचेत मात्र काळा मळ, कुणाच्या तरी घामाचा.
आणि कडेला, डावीकडं एक, उजवीकडं एक,
दोन बारीक पोचे.
शेजारणी होत्या हिला.
कुठल्या तरी माळेत, चालताना,
एकमेकींवर आपटत आलेली ही बाई.

पोतदारांनी काट्यात घातली.
साडेतीन माशांना दोन गुंजा कमी.
"तेवढी झिजणारच की."
मग काळ्या दगडावर रेघ ओढली,
शेजारी कसाच्या काडीची दुसरी,
आणि तेजाबाचा थेंब.
दोघंही गप्प बसलो.
बाहेर कुणीतरी शटर वर ढकललं.
रेघ राहिली.

तेव्हा मी खिशातली पुडी काढली.
हौसाच्या माळेतली ही एक, नमुन्याला आणलेली.
सतरा होत्या, तिच्या आईकडनं आलेल्या.
एक रंकाळ्यावर कुठं पडली ते कळलंच नाही,
दोन वर्षं ती जागा मोकळी.
नवी घडवून घातली असती,
पण नवी ओळीत उपरी दिसते,
म्हणून ही जुनीची शोधाशोध.

"जुळते का बघा जरा," मी म्हणालो.
मला रंगाचं म्हणायचं होतं.
त्यांचा हात मात्र सवयीनं दगडाकडं गेला.

रेघ आधी तांबूस झाली.
कडेनं हिरवट फेस आला.
मग तिथं काहीच नव्हतं.

"कुणाची ही?"
"घरची."
त्यांनी फडक्यानं दगड पुसला,
एकदा, मग विनाकारण पुन्हा एकदा,
आणि चहा सांगितला.

चहा येईस्तोवर मी दोन्ही तळहातावर ठेवून बघत होतो.
गुडघा हिचाही गेलेला.
पोचे हिलाही आहेत.
सासूबाईंनी लग्नात घातली, बारशात घातली,
मयतीला जाताना डब्यात ठेवली,
आणि हौसानं ती पस्तीस वर्षं गळ्याशी झिजवली.
झीज तर खोटी नव्हती.
मी म्हणतो, लेथवाल्याला एवढं कळतं,
आणि तेवढ्यावरच थांबावं.

"बाकीच्याही आणता का कधी?" पोतदार हळूच म्हणाले.
"नको," म्हणालो, आणि पैसे मोजले.

रात्री हौसानं नवी-जुनी तळव्यावर घोळवली.
खिडकीशी नेली, परत आणली.
चष्मा डोक्यावरच राहिला होता तिचा.
"जड लागत्या जरा."
"जुनी हाय. कसाला उतरल्या."
"आन् आमच्या?"
मी दोऱ्याला मेण लावत होतो,
ते लावतच राहिलो.

तिनं माळ मांडीवर पसरली,
सोळा जणींच्या कडेला ही धरून बघितली.
ही पिवळी जास्त होती. दिव्यातसुद्धा दिसत होतं.

"ओळीत बसंना ही," ती म्हणाली.
"हिला मागं ओव, अंबाड्याखाली.
फुडं आमच्याच असू द्यात."