जुना नंबर

गुदैबियातली तिसऱ्या मजल्यावरची ती खोली
मार्चअखेर बंद झाली.
निधी आटला, एवढंच पत्रात होतं.
सात गाद्या मीच विकल्या, फोन परत केला.

नंबर मात्र फिरत राहिला
कुणाच्या बाहीच्या शिवणीतून,
तांदळाच्या डब्याच्या झाकणाखालून.
कमरुन्निसानं तर तो पाठ केलेला
लेकीच्या जन्मतारखेसारखा.

आता तो सलमाबादच्या एका टायरवाल्याला मिळालाय.
रात्री दोनला वाजतो.
पलीकडे नळ सोडलेला
आणि नळाच्या आवाजाआड एक बाई.
भाषा कळत नाही, कुंजुमोन सांगतो,
तरी ठेवत नाही मी. हूं हूं करत राहतो.

काल त्यानं विचारलं,
ताई, पत्ता कुठला सांगू?

मी त्याच्या दुकानातले
टायर मोजत राहिले.