सगळ्या रेषा काळ्या

दांडिया बझारात, दुसऱ्या मजल्यावर,
आमच्या ऑफिसात पाण्याला रंग असतात.
थंड निळं, गरम लाल,
संडासाची लाइन तपकिरी, व्हेंट हिरवी.
आगीच्या नळाचा हक्काचा लाल
गरम पाण्यानं आधीच अडवलेला,
म्हणून आग आमच्याकडे जांभळी.
पडद्याच्या काळ्या भुईवर हे सगळं
गरब्यातल्या घेरांसारखं फिरायचं
आणि मला वाटायचं, मला वाचता येतंय.

मग वाघोडिया रोडच्या हॉस्पिटलवरून
रामसंगचा फोन आला, बिनछपराच्या तिसऱ्या मजल्यावरून:
‘बेन, आ तो बधी काळी छे.’

प्लॉटरला एकच शाई.
पाच प्रकारचं वाहणं एकाच जाडीनं
शाफ्टमध्ये शिरत होतं,
आणि बाहेर येताना कोण कुठलं
हे कुणी सांगेपर्यंत
तो जिन्यावर बसून होता,
करवत मांडीवर आडवी ठेवून.

मी स्केचपेनं आणली. घारपुरेसाहेब म्हणाले,
द्या इकडे, तुमचा हात घाईचा आहे.
चष्मा कपाळावर. पट्टी धरून, सावकाश,
त्यांनी व्हेंटवर लाल ओढलं.
मग गरम पाणी हिरवं केलं,
गीझरपासून थेट शेवटच्या बेसिनपर्यंत,
एकदाही न थरथरता.

मी म्हटलं, सर...
त्यांनी पेन उलटंपालटं केलं.
बुडाशी नंबर होता, रंगाचं नाव नव्हतं.
टोपण लावलं. टोपणही दुसऱ्याच पेनाचं.

बराच वेळ पंखाच बोलत होता.

मग कपाटामागच्या पत्र्याच्या नळीतून
त्यांनी एक गुंडाळी काढली,
कडा खाल्लेली, अमोनियाचा वास धरून बसलेली.
एकही रंग नाही आणि सगळं वेगळं.
बोट ठेवत म्हणाले:
थंड म्हणजे लांब, टिंब, लांब.
गरम म्हणजे लांब, टिंब, टिंब, लांब. त्याला जरा घाई असते.
संडासाची जाड आणि सलग, तिला थांबवायचं नाही.
व्हेंटचे नुसते तुकडे. तिच्यात काही नसतंच, हवा.
आणि दोन रेषा एकमेकींवर आल्या, पण भेटायच्या नाहीत,
तर एकीनं उडी मारायची. एवढीशी, अर्धगोल.
उडी दिसली नाही तर प्लंबर तिथे टी जोडतो.
आणि टी जोडला की...

इथे साहेब थांबले.
सत्त्याऐंशी साली अलकापुरीत
कुणाच्या तरी शॉवरमधून काय आलं
ते मी अजून विचारलेलं नाही.

चार वर्षं मी त्यांच्या टिंबांना म्हातारपण समजत होते.

त्या रात्री सगळं परत काढलं.
एकशे बारा उड्या. मोजल्या, कारण चहा संपला होता.
खाली टिपांच्या रकान्यात, सातव्या क्रमांकावर लिहिलं:
नळ ओळखताना रंगावर विसंबू नये.
कुणाचं नाव नाही. साहेबांनी वाचलं, सही केली,
‘विसंबू’चा ऱ्हस्व इकार तेवढा नीट करायला सांगितला.
तो नीटच होता.

आठवड्यानं रामसंगनं फोटो पाठवला.
शाफ्टमधले पाइप सगळे पांढरेच, एका कंपनीचे,
आणि प्रत्येकावर कोळशानं, हाताच्या उंचीवर,
लांब, टिंब, लांब.
खाली लिहिलं होतं: ठेकडा सारा छे, बेन.

संध्याकाळी काळा घोड्याच्या सिग्नलला
साहेबांची स्कूटर माझ्या पुढे उभी होती.
वरचा दिवा गेला, खालचा लागला.
ते निघाले.
मागून कुणीतरी हॉर्न दिला तेव्हा
मी अजून वरच बघत होते.